बेवारशी देहाचा कायदा

मेलेल्या माणसाचा देह कुणाच्या मालकीचा? इंग्लंडच्या जुन्या कायद्याचे उत्तर होते, कुणाच्याच नाही. प्रेत ही मालमत्ता नव्हे. तेव्हा ते उकरून नेणे हा गुन्हा खरा, पण चोरी नव्हे. अंगावरचे कफन नेले तर मात्र चोरी! म्हणून थडगी उकरणारे सावध असत. वस्त्रे खड्ड्यात परत टाकीत आणि उघडे प्रेत तेवढे पोत्यात घालीत.

गिऱ्हाइके होती शरीरशास्त्राच्या शाळा. १७५२ च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते शस्त्रवैद्यांना मिळू लागली होती. विद्येची सोय हा त्यातला हेतू गौण. मेल्यावरही खुन्याची विटंबना व्हावी, हा मुख्य. पण विद्यार्थी वाढले, तेवढे खुनी कुठून आणावेत?

एडिंबरो शहरात बर्क आणि हेअर या दुकलीने यावर आपला तोडगा काढला. हेअरच्या खाणावळीत एक म्हातारा आजाराने वारला. त्याचे प्रेत डॉ. नॉक्स यांच्या शाळेत साडेसात पौंडांना खपले. मग मरणाची वाट कशाला पाहायची? १८२८ साल सरण्यापूर्वी त्यांनी सोळा जणांचे जीव घेतले. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्क १८२९ च्या जानेवारीत फाशी गेला आणि त्याचेच शवविच्छेदन झाले. त्याचा सांगाडा अद्याप तिथल्या विद्यापीठात आहे.

लोक खवळले आणि १८३२ साली पार्लमेंटने नवा कायदा केला. खुन्यांचे विच्छेदन थांबले. त्यांच्या जागी कोण आले? दरिद्रालयांत मेलेले, ज्यांचे प्रेत न्यायला कुणी येत नसे असे अनाथ. काल जी खुनाची शिक्षा होती ती आज गरिबीच्या वाट्याला आली! त्याच वर्षी तत्त्वज्ञ बेंथॅमने आपला देह आपखुशीने विच्छेदनासाठी ठेवला. पण असा श्रीमंत विरळा.

आपल्याकडे मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली निघाले. या विषयावरचा मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. त्याचाही आधार बेवारशी प्रेतच. इस्पितळात वा तुरुंगात कुणी मेला आणि जवळच्या नातलगाने ४८ तासांत मागणी केली नाही, तर तो देह अभ्यासासाठी देता येतो. तारेच्या दिवसांत खेड्यातून मुंबईला पोटासाठी आलेल्या माणसाच्या घरी त्या मुदतीत तार तरी पोचत असे काय? आपखुशीच्या देहदानाला कायद्यात पुढे जागा मिळाली, आणि आज पुष्कळ लोक ते करतात. बेवारशांचे कलम मात्र अजून तसेच आहे.