शेगडीभोंवतींची सभा आणि बेब रूथची विक्री

अमेरिकेंत बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूंत सुरू होतो आणि शरद ऋतूंत संपतो. मग मैदानांवर हिमवर्षाव होतो, खेळाडू आपापल्या गांवीं जातात, आणि परक्या माणसाला वाटतें कीं खेळ संपला. वस्तुतः त्याचा दुसरा अर्धा भाग तेव्हांच सुरू होतो. किराण्याच्या दुकानांत, न्हाव्याकडे किंवा गुत्त्यांत पेटलेल्या शेगडीभोंवतीं मंडळी जमत आणि आपल्या संघानें कोणाला ठेवावें, कोणाला काढावें, मालकानें थैली कितपत सैल करावी, याचा खल करीत. या बैठकांना तिकडे विनोदानें 'हॉट स्टोव्ह लीग' असें नांव पडलें. या सभेचे सभासद मैदानांत चेंडूला शिवत नाहींत, आणि मालकाच्या थैलींतला एक डॉलरहि त्यांचा नसतो. तरी त्यांच्याइतक्या कळकळीनें संघाचा जमाखर्च दुसरा कोणी तपासीत नसेल. ज्या हिंवाळ्यांत या सभेला तिच्या इतिहासांतला सर्वांत मोठा विषय मिळाला, त्या १९१९-२० च्या हिंवाळ्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

बेसबॉल हें क्रिकेटचेंच दूरचें भावंड आहे. एकानें चेंडू फेंकावा, दुसऱ्यानें तो दांडक्यानें टोलवावा आणि चार तळांना फेरी घालून स्वस्थानीं परत यावें, इतकें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे. टोला मैदानाचें कुंपण ओलांडून गेला तर फलंदाज निर्वेधपणें सगळी फेरी पुरी करतो. त्याला 'होम रन' म्हणतात. क्रिकेटमधल्या षट्काराहून हा प्रकार पुष्कळच दुर्मिळ, आणि १९१९ च्या आधीं तर फारच दुर्मिळ होता.

बॉस्टनच्या 'रेड सॉक्स' संघाचे ते वैभवाचे दिवस होते. १९१२, १९१५, १९१६ आणि १९१८ असें चार वेळां या संघानें जगज्जेतेपद मिळविलें होतें. त्याचे भक्तहि तसेच होते. 'रॉयल रूटर्स' नांवाचें त्यांचें एक मंडळ असे. तें बँड वाजवीत, गाणीं म्हणत परगांवच्या सामन्यांनाहि जात असे. या मंडळाचा एक अध्वर्यु मायकेल मॅकग्रीव्ही नांवाचा गुत्तेवाला होता. त्यानें आपल्या गुत्त्याला 'थर्ड बेस' असें नांव दिलें होतें. कारण घरीं पोहोंचण्यापूर्वींचा शेवटचा मुक्काम तोच! गुत्त्यांतला वाद हातघाईवर आला कीं मॅकग्रीव्ही मेजावर मूठ आपटून निकाल देई आणि वर 'बस्स, झालें बोलून' अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारी. तेच दोन शब्द पुढें त्याचें टोपणनांव झालें. न्यायदानाची ही पद्धत आम्हांला पुष्कळ न्यायालयांपेक्षां सुटसुटीत वाटते.

१९१४ सालीं या संघांत जॉर्ज हर्मन रूथ नांवाचा एक एकोणीस वर्षांचा पोर आला. बाल्टिमोरच्या एका सुधारशाळेंत वाढलेला हा मुलगा 'बेब' या नांवानें प्रसिद्ध झाला. आरंभीं तो गोलंदाज होता, आणि उत्तम होता: १९१६ सालीं त्यानें तेवीस व १९१७ सालीं चोवीस सामने जिंकून दिले. परंतु त्याचा टोला असा विलक्षण कीं गोलंदाजाचे विसाव्याचे दिवस त्यानें बांकावर बसून काढावे हें कोणालाच परवडेना. १९१९ सालीं तो बहुतेक दिवस फलंदाज म्हणून खेळला आणि त्यानें एकोणतीस होम रन काढले. पूर्वींचा उच्चांक सत्तावीसाचा, आणि तोहि १८८४ चा होता. तथापि गंमत अशी कीं, रूथचा हा पराक्रम चालू असतां त्याचा संघ मात्र खालच्या अर्धांत घसरला. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व वाद याच्याच भोंवतीं फिरतो.

संघाचा मालक हॅरी फ्रेझी. हा मूळचा नाटकवाला. १९१६ च्या अखेरीस त्यानें संघ विकत घेतला तो पुष्कळसा उधारीवर. पूर्वींचा मालक जोसेफ लॅनिन याचें देणें डोक्यावर होतें. महायुद्धामुळें १९१८ चा हंगाम अर्ध्यावर तोडावा लागला. आणि अमेरिकन लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सन याच्याशीं फ्रेझीचें हाडवैर होतें. १९१९ च्या उन्हाळ्यांत कार्ल मेज नांवाचा गोलंदाज रुसून सामना सोडून गेला, तेव्हां फ्रेझीनें त्याला न्यूयॉर्कच्या 'यांकीज' संघाला विकलें, आणि त्यावरून जॉन्सनशीं प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. लीगमधले बहुतेक मालक जॉन्सनच्या बाजूचे; फ्रेझीशीं मोकळेपणानें व्यवहार करणारे काय ते न्यूयॉर्क आणि शिकागो. दुकानाला गिऱ्हाइकें दोनच उरलीं म्हणजे दुकानदाराची जी अवस्था होते ती फ्रेझीची झाली होती.

अशांत रूथनें पगार दुप्पट मागितला. तीन वर्षें दरसाल दहा हजार डॉलर असा त्याचा करार होता आणि त्यांतलें एकच वर्ष उलटलें होतें. तरी वीस हजार मिळाल्याशिवाय आपण खेळणार नाहीं असें तो म्हणूं लागला. आज हें वाचून रूथ उर्मट वाटेल. परंतु त्या काळीं खेळाडू ज्या संघाचा त्याचाच जन्मभर. करार संपला तरी मालकाच्या अनुमतीवांचून त्याला दुसरीकडे जातां येत नसे. मालकानें त्याला विकावें, बदलावें किंवा घरीं बसवावें. ही बेडी तुटावयाला १९७५ साल उजाडावें लागलें. तेव्हां अडून बसणें हें एकच शस्त्र खेळाडूपाशीं होतें, आणि रूथनें तें उचललें.

२६ डिसेंबर १९१९ रोजीं विक्रीचा कागद झाला आणि १९२० च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत ही बातमी लोकांना समजली. किंमत एक लक्ष डॉलर. पंचवीस हजार रोख, बाकीच्यांचे व्याजी रोखे. यापूर्वीं एका खेळाडूसाठीं एवढी रक्कम कोणीं दिली नव्हती. याखेरीज यांकीजचा मालक जेकब रूपर्ट यानें बॉस्टनचें फेनवे पार्क मैदान तारण घेऊन फ्रेझीला तीन लक्ष डॉलर कर्ज देण्याचें कबूल केलें. ही दुसरी अट त्या वेळीं लोकांना ठाऊक नव्हती. आपल्या संघाचें मैदान प्रतिस्पर्ध्याच्या तिजोरींत गहाण पडत आहे, हें शेगडीभोंवतीं कळलें असतें तर वादाला निराळेंच वळण लागतें.

आतां पुढची जी कल्पना आज रूढ आहे ती अशी कीं बातमी ऐकून सारें बॉस्टन एकमुखानें आक्रंदूं लागलें. तसें झालें नाहीं, आणि आमच्या मतें या प्रकरणांतला खरा रस इथेंच आहे. शहर दुभंगलें. एका पक्षाचें म्हणणें असें कीं रूथ म्हणजेच संघ. त्याला विकणें म्हणजे घरांतली कुलदेवता मोडींत घालणें. रॉयल रूटर्सची मंडळी बहुतेक या बाजूची होती. दुसरा पक्ष म्हणे कीं एकटा खेळाडू कितीहि थोर असला तरी संघ त्याच्याभोंवतीं नाचूं लागला म्हणजे बुडालाच. रूथ नियम पाळीत नाहीं, रात्रीं वेळेवर परत येत नाहीं, १९१८ सालीं तर भर हंगामांत संघ टाकून निघून गेला होता. आणि त्याचे एकोणतीस होम रन असूनहि आपण खालींच राहिलों कीं नाहीं? जुन्या नामांकित खेळाडूंपैकीं कांहींजण याच मताचे होते. फ्रेझीनेंहि जाहीर केलें कीं हा एका माणसाचा संघ होऊं लागला होता. या पैशांतून आपण दुसरे खेळाडू आणूं.

या दुसऱ्या पक्षापाशीं एक भक्कम दाखलाहि होता. १९१६ च्या एप्रिलांत लॅनिननें ट्रिस स्पीकर हा आपला सर्वोत्कृष्ट फलंदाज पगाराच्या तंट्यावरून क्लीव्हलंडला विकला: पंचावन्न हजार डॉलर आणि दोन खेळाडू घेऊन. तेव्हांहि लोकांनीं कपाळ बडवून घेतलें होतें. आणि झालें काय? त्याच वर्षीं बॉस्टन पुनः जगज्जेतें झालें. परंतु पहिल्या पक्षापाशींहि दाखला होता, आणि तो फिलाडेल्फियाचा. तेथील कॉनी मॅकनें १९१४ चा हंगाम संपल्यावर आपला विजयी संघ मोडला. एकट्या एडी कॉलिन्सला शिकागोनें पन्नास हजारांना नेलें. त्यानंतर १९१५ पासून तो संघ दर वर्षीं तळाशींच बसत होता. आतां बॉस्टनची गति कोणती, स्पीकरची कीं मॅकची? जानेवारी १९२० मध्यें या प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें कोणालाहि देतां आलें नसतें. २००८ सालीं मुंबईंत क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला तेव्हांपासून आमच्याकडेहि घरोघर असले वाद होतात, आणि तेथेंहि प्रत्येकाला आपल्या सोयीचा दाखला सांपडतो.

उत्तर कालानें दिलें, आणि तें फारच क्रूर दिलें. १९२० सालीं न्यूयॉर्कच्या रूथनें चोपन्न होम रन काढले. त्याचा स्वतःचा संघ सोडला तर अमेरिकन लीगमधल्या कोणत्याहि सबंध संघाला त्या वर्षीं इतके काढतां आले नाहींत. पुढल्या वर्षीं एकोणसाठ. यांकीजच्या सामन्यांना १९१९ सालीं सुमारें ६ लक्ष १९ हजार प्रेक्षक आले होते. १९२० सालीं ते जवळजवळ १२ लक्ष ९० हजार झाले. दहा लक्षांचा आंकडा ओलांडणारा हा पहिलाच संघ. एक लक्ष डॉलर एका हंगामांत वसूल झाले असतील. बॉस्टनला मात्र ४ लक्ष १७ हजारांचे ४ लक्ष २ हजार झाले आणि संघ पांचवा आला.

म्हणून फ्रेझी मूर्ख ठरतो काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. रूथच्या नव्या आंकड्यांत कांहीं वांटा कालाचाहि आहे. चेंडू थुंकीनें बुळबुळीत करून फेंकण्याला १९२० च्या आरंभीं बंदी झाली. त्याच वर्षीं ऑगस्टांत उपर्युक्त कार्ल मेजचा चेंडू लागून क्लीव्हलंडचा रे चॅपमन मरण पावला, आणि त्यापुढें मळके चेंडू बदलून स्वच्छ चेंडू देण्याची चाल वाढली. फलंदाजाला चेंडू स्पष्ट दिसूं लागला. शिवाय न्यूयॉर्कमध्यें १९१९ पासून रविवारीं सामने भरविण्याची मुभा मिळाली होती. बॉस्टनला ती १९२९ पर्यंत नव्हती. आठवड्यांतला सुटीचा दिवसच ज्याच्या दुकानाला बंद, त्यानें पगाराच्या बाबतींत न्यूयॉर्कशीं स्पर्धा कशी करावी? तोच रूथ १९२२ सालीं दरसाल बावन्न हजार डॉलर घेऊं लागला. बॉस्टननें तें दिलें असतें असें म्हणण्याला आमचें धाडस होत नाहीं.

फ्रेझीवरचा आमचा आरोप निराळा आहे. रूथ विकला तो एक व्यवहार. त्याला दोन बाजू होत्या. परंतु त्यानंतर वाट पडली. वेट हॉइट आणि वॉली शँग १९२० च्या डिसेंबरांत गेले. एव्हरेट स्कॉट, जो बुश आणि सॅम जोन्स पुढल्या वर्षीं. जो ड्यूगन १९२२ च्या जुलईंत, चुरस ऐन रंगांत असतांना. या शेवटच्या सौद्यानें यांकीजशीं झुंजणाऱ्या सेंट लुईच्या लोकांचें पित्त खवळलें, आणि पुढील वर्षापासून १५ जूननंतर अशा अदलाबदलीला आळा घालण्यांत आला. १९२३ च्या जानेवारींत हर्ब पेनॉकहि गेला. यांतील कांहीं अदलाबदली कागदावर बरोबरीच्या दिसत होत्या हें खरें. पण एकाच दिशेनें इतकी बरोबरी वाहूं लागली म्हणजे पात्र कोणतें रिकामें होतें तें दिसतेंच. संघाचा व्यवस्थापक एड बॅरोदेखील १९२० च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेला. १८ एप्रिल १९२३ रोजीं यांकी स्टेडियम उघडलें, त्या दिवशींचा प्रतिस्पर्धी बॉस्टन होता आणि पहिला होम रन रूथचा. त्या वर्षीं यांकीज प्रथमच जगज्जेते झाले. त्यांच्या प्रमुख गोलंदाजांपैकीं चारजण बॉस्टनचे जुने शिलेदार होते. आणि बॉस्टन? १९२२ ते १९३२ या अकरा वर्षांत नऊ वेळां तळाशीं. 'या पैशांतून दुसरे खेळाडू आणूं' हें वचन शेगडीभोंवतींच्या लोकांनीं विसरलें नाहीं, आणि तें त्यांनीं विसरूं नये हेंच योग्य होतें.

लोकांचा राग मात्र कधींकधीं भलत्याच वाटेनें जातो. हेन्री फोर्डच्या मालकीच्या पत्रानें १९२१ सालीं बेसबॉलच्या अधोगतीचें खापर ज्यू लोकांवर फोडलें आणि त्यांत फ्रेझीलाहि गोंवलें. फ्रेझी ज्यू नव्हता. आणि असता तरी तो दोष कसा झाला असता? पुढें दुसरी दंतकथा निघाली कीं 'नो, नो, नॅनेट' या संगीत नाटकाचा खर्च भागविण्यासाठीं त्यानें रूथला विकलें. हें नाटक ब्रॉडवेवर आलें १९२५ सालीं. फ्रेझीनें तर १९२३ सालींच संघ विकून टाकला होता. 'माय लेडी फ्रेंड्स' हें ज्या नाटकावरून तें बेतलें, तें १९१९ च्या डिसेंबरांत आलें खरें, पण तें चाललें होतें. कित्येक वर्षांनीं 'बॅम्बिनोचा शाप' ही तिसरी कथा आली; ती १९९० च्या एका पुस्तकानें घराघरांत पोहोंचविली, आणि २००४ सालीं बॉस्टन शहाऐंशी वर्षांनीं पुनः जगज्जेतें झालें तेव्हां ती निवर्तली. शाप मानला म्हणजे हिशेब मागावा लागत नाहीं; म्हणून शेगडीभोंवतींच्या त्या पहिल्या वादाची योग्यता आम्हांला या सर्व कथांहून अधिक वाटते. त्यांत दोन्ही पक्ष निदान आंकडे, दाखले आणि वचनें यांविषयीं बोलत होते.

त्या वादाचा पंच मात्र ऐन वेळीं गेला. रूथच्या विक्रीची बातमी फुटल्याला पुरते दोन आठवडेहि झाले नव्हते, तोंच १७ जानेवारी १९२० रोजीं अमेरिकेंत दारूबंदी अंमलांत आली आणि मॅकग्रीव्हीचा 'थर्ड बेस' बंद पडला. भिंतीवरचीं खेळाडूंचीं चित्रें त्यानें पुढें १९२३ सालीं बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिलीं. खुद्द गुत्त्याच्या जागेंत त्या ग्रंथालयाची एक शाखा उघडली. जेथें पूर्वीं मेजावर मूठ आपटून निकाल लागत, तेथें आतां मोठ्यानें बोलण्याची मनाई झाली.