अनुदान सरकारचे, वाणी स्वतःची

वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली स्थापन झाले. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे ते प्रमुख पीठ. तरी त्याचे अध्यक्षपद जवळजवळ साठ वर्षे गोऱ्यांकडेच राहिले. १९२६ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या बापाचा मुलगा, धर्मोपदेशक मॉर्डेकाय जॉन्सन, त्या खुर्चीवर बसला.

पेच अवघड होता. विद्यापीठाची भिस्त संसदेच्या पैशावर, आणि संसदेत वर्णभेदाचे पाठीराखे दक्षिणी सदस्य प्रबळ. जॉन्सन यांनी १९२८ च्या कायद्याने वार्षिक अनुदानाला भक्कम आधार मिळवला, मात्र त्यापायी जीभ गहाण टाकली नाही. साम्यवादी असल्याचा आरोपही त्यांनी झेलला. त्यांचा कारभार एकतंत्री असल्याची प्राध्यापकांची तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती.

पण फळ पाहावे. चार्ल्स ह्यूस्टन यांच्या हाती विधी विद्यालय सोपवले गेले. तिथून १९३३ साली थर्गुड मार्शल बाहेर पडले. १९५४ मध्ये शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा खटला त्यांनीच जिंकला.

हॉवर्डच्या धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख बेंजामिन मेज वर्ध्याला गांधीजींना भेटून गेले होते. पुढे जॉन्सन स्वतः भारतात आले. परतल्यावर फिलाडेल्फियात त्यांनी गांधीजींवर दिलेले व्याख्यान ऐकून एका तरुण विद्यार्थ्याने गांधीविषयक पुस्तके विकत घेतली. तो मार्टिन ल्यूथर किंग. जॉन्सन १९६० मध्ये निवृत्त झाले. ज्या संसदेतले दक्षिणी सदस्य वर्णभेद राखू पाहत होते, तिच्याच पैशावर त्यांनी वर्णभेद मोडणारी माणसे घडवली.