रेव्हरंड टिळकांचा नेम

गळ्यात माळ पडायला एक घटका पुरते. ती निभावायला मात्र जन्म लागतो. वारकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पण हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने गेलेल्या एका भक्ताच्या चरित्रात दिसली, तर तीही आदराने पाहावी, म्हणून हे चार शब्द.

आपल्या वऱ्हाडात अकोला, अमरावती, खामगाव या गावी ख्रिस्ती मिशनांचे काम शंभराहून अधिक वर्षांचे आहे. तिथल्या मराठी उपासनेत जी भजने म्हटली जातात, त्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. लोकमान्य वेगळे, हे वेगळे. यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मणाच्या घरातला. संस्कृताचे जाणते, हाडाचे कवी. पुढे त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि हाती टाळ घेऊन ख्रिस्ताची कीर्तनेही केली. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत.

त्यांना वळण लागले ते आपल्या विदर्भातूनच निघालेल्या प्रवासात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन त्यांचे मन थांबले. वैऱ्यावरही प्रेम करावे, दान उजव्या हाताने केले तर डाव्याला कळू नये, दुसऱ्याचा न्याय करीत बसू नये, असा तो उपदेश. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले, आणि पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन दूर राहिल्या. त्या दुःखाच्या काळात त्यांचा मुक्काम काही दिवस पंढरपुरातच होता.

टिळकांनी धर्म सोडला याचे आपल्या जुन्या मंडळींना वाईट वाटले, आणि ते साहजिकच होते. त्यांचा ख्रिस्त आणि आपला विठोबा एकच, असे म्हणून तो भेद पुसायचाही कारण नाही. त्यांनी तो स्वतः पुसला नाही. प्रश्न एवढाच, की बाप्तिस्म्यानंतरची चोवीस वर्षे त्या माणसाने कशी काढली?

याची साक्ष आहे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त. कीर्तनाच्या फडावर कोणीही साधू दिसतो. खरी परीक्षा घरात. बाईंनी काही झाकले नाही. टिळकांचा तापट स्वभाव, घरात उद्याची सोय नसताना हातचे देऊन टाकण्याची सवय, न सांगता निघून जाणे, सगळे लिहिले, आणि तेही हसत लिहिले. म्हणूनच त्यांनी नोंदवलेले प्रेम खरे वाटते. राग येणारा माणूस रागाशी झुंजतो, पडतो, पुन्हा उठतो. पवित्र जीवनाची धडपड म्हणतात ती हीच.

बाईंची वाट तर त्याहून अवघड. प्रारंभी त्या अहमदनगरला आल्या तरी सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या. मग मनाशी विचार करता करता त्यांना दिसले, की माणूस देवाने केला, जात माणसाने. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्न त्यांना चालू लागले. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दुष्काळात या दांपत्याने अनाथ लेकरे घरात आणून वाढवली. आता विचार करा, ज्या पंढरपुरात बाई राहून गेल्या, तिथे चोखोबांची समाधी पायरीपाशी होती आणि चोखोबांच्या भावंडांना आत जाता येत नव्हते. ते दार उघडायला साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. आपल्या संतांनी सांगितलेले आपण गात राहिलो. एका बाईने ते स्वयंपाकघरात करून दाखवले.

टिळकांनाही पगारी उपदेशकी शेवटी पुरेशी वाटली नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एका पंगतीचे. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा देह पडला. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. नवऱ्याच्या ज्या निश्चयाने संसार मोडला होता, त्याच निश्चयाचा ग्रंथ त्या बाईने पुरा करावा, यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावच्या गाडगेबाबांनी गावोगाव खराटा फिरवला आणि रात्री कीर्तन केले. आधी झाडणे, मग बोलणे, हा त्यांचा क्रम. टिळकांचा देव वेगळ्या नावाचा, पण क्रम याच जातीचा.

म्हणून माउलींनो, दुसऱ्याच्या देवळातले भजन कानी पडले तर त्याचा वाद मांडू नये. पंढरीहून परतल्यावर आपल्या घरच्या माणसांना आपला राग किती उणा झालेला दिसतो, तेवढे विचारावे. वारीचा हिशेब तिथेच लागतो.