प्राणायाम : नर्मदातीरापासून रुग्णशय्येपर्यंत

कमानिया दरवाजा आणि बडा फुहारा ठाऊक नाही असा मराठी माणूस जबलपुरात सापडावयाचा नाही. बाजारात ज्याला फुहारा म्हणावयाचे त्याला घरी कारंजे म्हणावयाचे, हे दोन भाषांचे भान सांभाळीतच आपली मुले येथे वाढली. या चौकात चार परिचितांना प्राणायामाविषयी विचारावे, तर चार निरनिराळी उत्तरे मिळतील. एक म्हणेल, त्याने रक्तात भरपूर प्राणवायू भरतो. दुसरा म्हणेल, दमा समूळ जातो. तिसरा सल्ला देईल की रक्तदाबाच्या गोळ्या आता सोडून द्या. आणि चौथा हे सारे थोतांड आहे असे सांगून मोकळा होईल. वाद गमतीचा वाटला, तरी ज्याच्या घरी दम्याचा अथवा रक्तदाबाचा रुग्ण आहे त्याच्या दृष्टीने तो गमतीचा नाही. कारण यांतील एखादे उत्तर चुकीचे निघाले तर त्याचे मोल रुग्णाला द्यावे लागते.

या वादाचा निर्णय श्रद्धेने किंवा उपहासाने न करता मोजमापाने करावा, असा आग्रह शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी धरला, त्यांत एका मराठी पुरुषाचे स्थान अग्रभागी आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महाराष्ट्राच्या अनेक थोर परंपरांचे स्मरण आपण करीत आहोत. त्यांतच या काहीशा अल्पपरिचित परंपरेचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. अर्थात तेही आपल्या मुलांप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर जन्मलेले मराठी होते. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकाविली. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांचे शरीर घडले; खानदेशात अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात त्यांची शिक्षकवृत्ती घडली. त्यानंतर मालसर येथील परमहंस माधवदासजी यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. हे मालसर नर्मदेच्या काठी वसलेले आहे. जी नर्मदा आपल्या ग्वारीघाटावरून आणि भेडाघाटाच्या संगमरवरी कड्यांमधून पश्चिमेकडे जाते, तिच्याच खालच्या तीरावर या इतिहासाचा उगम झाला, ही गोष्ट आम्हां जबलपूरकरांना विशेष जवळची वाटावी.

गुरूपाशी शिकलेल्या क्रिया गुण्यांनी मनोभावे आचरिल्या. परंतु जे साधकाच्या अनुभवाला येते ते यंत्रापुढेही सिद्ध झाले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्षकिरणांच्या साहाय्याने तपासणी करविली. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, असे आढळून आले. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. प्रयोगशाळेच्या परिभाषेत गुरुदक्षिणा अर्पण केल्याचे हे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम आश्रमाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. आसने आणि प्राणायाम यांच्या वर्णनाबरोबरच क्षकिरणांची छायाचित्रे आणि दाबाची कोष्टके छापणारे असे नियतकालिक त्या काळी अपूर्वच होते. १९३६ साली मुंबईत चौपाटीनजीक संस्थेचे आरोग्यकेंद्र उभे राहिले आणि गिरगावातील कारकून व गिरणगावातील कामगार यांनाही हा अभ्यास आवाक्यातला झाला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहानन यांनी लोणावळ्यास राहून अभ्यास केला आणि १९३७ साली योगाच्या शास्त्रीय परीक्षणाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता पहिल्या उत्तराचा विचार करू. प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा साठा, ही समजूत आजही दृढ आहे. वस्तुतः निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वासोच्छ्वासातही ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायुयुक्त असते. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतून ते कितीसे मावणार? उलट घाईघाईने खोल श्वास घेत राहिल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड अकारण घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि भोवळ येते. कुवलयानंदांनीही प्राणायामाची थोरवी प्राणवायूच्या मापावर उभी केली नाही. छातीतील व उदरातील दाबांचे चढउतार आणि मज्जासंस्थेला लागणारे वळण यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. आपल्याच परंपरेतील एक आवडता समज तपासून बाजूस ठेवण्याची ही निर्भयता आम्हांस त्यांच्या कार्याचा गाभा वाटते.

याच वृत्तीचे दुसरे उदाहरण हृदय थांबविण्याच्या दाव्याचे. काही योगी आपली नाडी व हृदय इच्छेनुसार थांबवितात, अशी ख्याती होती. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोघे अमेरिकन शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन भारतात आले. दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, श्वास कोंडून छातीत दाब वाढविल्यामुळे नाडी हाताला लागेनाशी होते व हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत. परंतु विद्युत्-आलेखात हृदयाचे कार्य चालूच असते. चमत्कार संपला, तरी श्वासाच्या साहाय्याने रक्ताभिसरणावर केवढा परिणाम घडविता येतो हे त्यातून सिद्ध झाले. वैद्यकाच्या दृष्टीने ही प्राप्ती लहान नव्हती.

लोणावळ्यास १९६१ साली यौगिक रुग्णालय सुरू झाले. १९६३ साली स्वामी कुवलयानंद आणि डॉ. विनेकर यांचा यौगिक चिकित्सेवरील ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रकाशित केला. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी निवर्तले. पण कार्य थांबले नाही. पुढच्याच वर्षी डॉ. भोळे यांनी यौगिक पद्धतीने केलेल्या दम्याच्या उपचारांचा वृत्तांत ‘योगमीमांसे’त प्रसिद्ध केला.

१९६९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी डॉ. विनेकर आदी सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. उपचार होता शवासनाचा. मात्र ते नुसते पडून राहणे नव्हते. पोटाने संथ श्वास घ्यावयाचा, श्वास घेऊन झाल्यावर अल्प विराम आणि सोडून झाल्यावर किंचित दीर्घ विराम, असा क्रम रुग्णांना शिकविण्यात आला. औषधे न घेणाऱ्या गटाचा मध्यमान रक्तदाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरला, आणि औषधे घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या मात्रा डॉक्टरांना कमी करता आल्या. येथे ‘डॉक्टरांना’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. मात्रा डॉक्टरांनी कमी केली, रुग्णाने परस्पर नव्हे.

तथापि या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ही उणीव लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. १९७५ साली त्यांनी व नॉर्थ यांनी ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करून अभ्यास केला. शिथिलीकरण, श्वसन व यंत्राधारे आत्मनिरीक्षण यांचा अभ्यास केलेल्या गटाचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. दुसऱ्या गटाचा १६९/१०१ वरून केवळ १६०/९६ वर. दुसऱ्या गटाचाही रक्तदाब थोडा उतरला, हे विसरता कामा नये. डॉक्टरांचे लक्ष आणि विश्रांती यांनीही रुग्णाला गुण येतो; म्हणूनच तुलनेचा गट हवा.

दम्याविषयी बंगळूरच्या डॉ. नागरत्ना आणि डॉ. नागेंद्र यांनी १९८५ साली ५३ रुग्णांची तेवढ्याच रुग्णांशी तुलना केली. योगाभ्यास करणाऱ्यांचे दम्याचे झटके व औषधांची गरज यांत अधिक घट दिसली. जयपूरचे डॉ. वीरेंद्र सिंह यांनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १८ सौम्य रुग्णांना एका साध्या उपकरणातून श्वास घ्यावयास लाविले. त्या उपकरणामुळे पूरकाच्या दुप्पट रेचक आपोआप घडत असे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात श्वासनलिकांची चिडखोर वृत्ती कमी झाल्याचे आढळले; लक्षणांतील इतर सुधारणा मात्र निर्णायक ठरण्याइतकी मोठी नव्हती. दम्यात श्वासनलिका अरुंद होतात आणि आत घेतलेली हवा बाहेर टाकणे जड जाते. घाईने श्वास घेणारा रुग्ण निःश्वासाला वेळच देत नाही. हवा कोंडते व घाबरेपणा वाढतो. रेचक लांबविण्याचा जुना नियम नेमका येथे उपयोगी पडतो. मात्र मूळची सूज त्याने जात नाही. त्यासाठी श्वासावाटे घ्यावयाचे औषध लागतेच.

आपल्या प्रदेशापुरते बोलावयाचे, तर २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीचा उल्लेख टाळता येणार नाही. भोपाळच्या विषारी वायूने हजारो माणसांची फुप्फुसे कायमची दुखावली. त्या पीडितांसाठी १९९६ साली सुरू झालेल्या संभावना चिकित्सालयात आधुनिक औषधे व आयुर्वेद यांच्या जोडीला योगाभ्यासही ठेवण्यात आला. जळलेले फुप्फुस प्राणायामाने पूर्ववत होत नाही. पण उरलेला श्वास कसा वापरावा, धाप लागली असता घाबरू नये कसे, हे शिकविता येते. ज्याला दोन जिने चढणे अशक्य झाले आहे, त्याच्या लेखी एवढे शिकणेही थोर आहे.

जबलपुरात आपल्याकडे १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या नेताजींचे नाव त्याला दिलेले आहे, ते १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेससाठी येथे आले तेव्हा ज्वराने जर्जर होते आणि त्यांना उचलून आणावे लागले होते. आज त्याच महाविद्यालयात फुप्फुसरोगांच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे. तेव्हा आपल्या घरातील दमेकऱ्याने प्रथम छातीची रीतसर तपासणी करून घ्यावी आणि नंतर जाणत्या शिक्षकापाशी बसावे, असे आमचे सांगणे आहे. संथ श्वास व लांब रेचक बहुतेकांना झेपतो. उच्च रक्तदाब, हृद्रोग, अंतर्गळ अथवा गर्भारपण असता कपालभाती, भस्त्रिका आणि दीर्घ कुंभक यांच्या वाटेस डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून जाऊ नये. औषध चालू ठेवावे, वहीत रक्तदाबाची नोंद ठेवावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.

ही वही, आमच्या मते, कुवलयानंदांच्या परंपरेचा खरा प्रसाद आहे. त्यांनी योगाला प्रयोगशाळेत नेले ते योगाची प्रतिष्ठा वाढावी म्हणून. आणि ती वाढली ती मोजून जे उरले त्याच्या बळावर. मंडळाच्या पुढील पिढीने गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांच्याबरोबर हा मोजून पाहण्याचा वारसाही सांभाळावा, आणि आपल्या वडीलधाऱ्यांना निरामय दीर्घायुष्य लाभावे, हीच या शुभप्रसंगी आमची प्रार्थना.