गडग्यातले शिंपले

नववीच्या वर्गाला मी तेवीस वर्षं भूगोल शिकवला. खडकांच्या धड्याशी आले की माझं एक वाक्य ठरलेलं असे: आपला रायगड जिल्हा सगळा बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा, लाव्ह्यात जीव टिकत नाही, म्हणून आपल्याकडे जीवाश्म नाहीत. मुलं ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत तसंच लिहीत आणि मी पूर्ण गुण देई. त्या वाक्याचं काय झालं, ते आज सांगायचं आहे.

निवृत्त झाल्यावर मी अलिबाग परिसरातल्या एका भूशास्त्र कार्यशाळेला गेले. नेणारे दोघे होते. एक महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, दुसरे सरकारी नोकरीत आयुष्यभर खडक तपासून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक. आम्ही वीसेक जण होतो: मुंबईचे डॉक्टर, बँकेतले एक अधिकारी, काही विद्यार्थी, आणि आईचं बोट धरून आलेला बारा वर्षांचा एक मुलगा. आल्याआल्या त्यानं विचारलं, "डायनासोर कुठे आहे?"

प्रत्येकाच्या हाती एक भिंग दिलं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि हातोडी मात्र सरांच्याच पिशवीत. हातोडी दोन दिवसांत तीनदाच बाहेर आली, तीही सुट्या पडलेल्या दगडासाठी. "खडक फोडायला नाही, बघायला आलोय," हे त्यांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं.

ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना पायाखालचा काळा खडक आम्ही भिंगातून पाहिला. हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आम्लाचा थेंब टाकला, काही झालं नाही. मी मनात म्हटलं, हे मला ठाऊकच होतं.

त्या मुलाचा प्रश्न सरांनी सोडला नव्हता. डायनासोर हा शब्द १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानं छापून रूढ केला. त्याच ओवेननं १८४७ मध्ये एका बेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. बेडूक मुंबईचा, वरळीच्या खडकात दगड होऊन बसलेला. नाव दिलं राना पुसिला. पुसिला म्हणजे इवलासा. पुढे १९३० मध्ये त्याचं इंडोबॅट्राकस असं नामांतर झालं. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये बेडूक कुठून आला? तर लाव्हा एकसारखा वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं उगवली, बेडूक डरावले आणि मग पुढचा लाव्हा आला. मांडव्याहून बोटीत बसलं की तासाभरात मुंबई. एवढ्या अंतरावर माझं वाक्य १८४७ सालीच मोडलं होतं.

गंमत म्हणजे ही कामं करणारे सगळे फावल्या वेळचे भूशास्त्रज्ञ. मुंबईच्या भूशास्त्रावर त्या वेळी लिहिणारा क्लार्क हा रेल्वेचा इंजिनिअर. १८५२ मध्ये मुंबई बेटाचं भूशास्त्र लिहिणारा आणि तिथल्या दगडी कासवाचं वर्णन करणारा कार्टर सैन्यातला डॉक्टर. आणि जॉर्ज ब्यूस्ट चक्क बॉम्बे टाइम्सचा संपादक! आपण वीस जण डॉक्टर आणि बँकवाले म्हणून ओशाळायचं कारण नाही, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्याच गावच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूच्या कडेला पिवळट, खरबरीत दगडाची एक पायरी दिसते. सरांनी तिथे आम्लाचा थेंब सोडला. सोड्याची बाटली उघडल्यासारखं फसफसलं. चुन्याचा अंश आहे, असा त्याचा अर्थ. भिंग लावलं तर वाळूचे कण, काळ्या दगडाच्या बारीक गोट्या आणि त्यांत तिसऱ्या, शिवल्या, खुबे, सगळे एकमेकांना घट्ट चिकटलेले.

"याला इथले लोक काय म्हणतात?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "करल." आमच्या वाडीचा अख्खा गडगा त्याच दगडाचा होता. लहानपणी त्यातले शिंपले नखानं उकरून मी खेळले होते. त्यांना जीवाश्म म्हणावं, हे तेवीस वर्षांत मनात आलं नाही.

प्राध्यापक हसून म्हणाले की तुमचं वाक्य निम्मं वाचतं. जीवाश्म म्हणायला साधारण दहा हजार वर्षांची अट धरतात. करल काही हजार वर्षांचा, तेव्हा हे उपजीवाश्म. ही सवलत मला नको होती. वाक्य चूक होतं ते मुदतीमुळे नव्हे, मी न बघता बोलत होते म्हणून.

करल भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बनतो. पाण्यातला चुना वाळूच्या कणांत साका धरतो आणि वाळूचा दगड होतो. त्यामुळे आजच्या भरतीच्या रेषेहून वर जागच्या जागी करल सापडला, तर तो बनताना समुद्र तिथवर पोचत होता किंवा जमीन नंतर उचलली गेली. त्यातल्या शिंपल्यांवरून कार्बन पद्धतीनं काळही काढता येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये स्टॅटिरा गझदर यांनी कोकण किनाऱ्याचा असा प्राचीन पर्यावरणाच्या अंगानं अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये आला. उलट साक्षही आहे. १८७०च्या दशकात मुंबईला प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराचे शेकडो बुंधे मिळाले, कित्येक मुळांवर उभे. तिथे रान पाण्याखाली गेलेलं, इथे किनारा वर राहिलेला. दोन्हींचा मेळ घालायचा तर प्रत्येक दगड कुठे होता, किती उंचीवर होता, हे ठाऊक हवं.

गडगा पाहून सर खूश झाले, पण लगेच म्हणाले, "हा रचलेला दगड. मूळचा कुठला, ते कळल्याशिवाय याचा उपयोग नाही."

ते माझ्या थोरल्या काकांना ठाऊक होतं. ऐंशी पार केलेले काका काठी टेकत पुढे निघाले आणि वीस जणांची वरात मागे. केवड्याच्या बनामागे, पुळणीपासून बरंच आत, एक उथळ खड्डा दाखवून म्हणाले, "माझ्या आज्यानं इथून काढला. बैलगाडीनं नेला." कडेची माती खरवडल्यावर आत करलाचा थर होता. शिंपले आडवे, जसे पाण्यानं ठेवले तसे. दोघा शास्त्रज्ञांनी तासभर मोजमाप केलं, फोटो काढले, काकांचं नाव वहीत लिहून घेतलं. काकांना कौतुक कशाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "दगडच तो," म्हणत राहिले.

परतताना अलिबागची चुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं कुलाब्याच्या वेधशाळेतली मापनं बिघडतील, म्हणून नानाभाई मूस यांनी ही जागा निवडली आणि १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. आमचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय, म्हणून इमारतीला पोरबंदरचा दगड आणला. होकायंत्र काळ्या खडकाला टेकवून सुई हलते का, ते त्या मुलानं पंधरा मिनिटं तपासलं. डायनासोर विसरला होता.

कार्यशाळेच्या आधीच्याच वर्षी आम्ही निम्मा गडगा पाडून नव्या खोलीच्या जोत्यात भर म्हणून घातला होता. उरलेला पाडून सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घालायचं ठरलं होतं. ठरल्याप्रमाणे ठेकेदार फीत घेऊन आला. तो माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला शिंपले दाखवले, सांगायचं ते सांगितलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"पण बाई," म्हणाला, "तुम्हीच तर लिहून दिलं होतं की आपल्याकडे नसतात."

मी म्हटलं, "चुकीचं लिहून दिलं होतं."

त्यानं फीत गुंडाळली आणि नव्या भिंतीची रेघ दोन हात अलीकडे आखली.