कोळशाची दुहेरी चाकरी

औषधी कारखान्यांच्या सांडपाण्यातून प्रतिजैविके काढण्यासाठी भाताचे तूस, नारळाच्या करवंट्या, उसाची बगॅस आणि नाना प्रकारच्या मात्या आजकाल प्रयोगशाळांतून तपासल्या जात आहेत, हे वाचून ज्यांना ही विद्या कालपरवाची वाटते त्यांनी तिची वंशावळ एकवार चाळावी. 1785 साली सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधशाळेत टोबियास लोविट्स टार्टारिक आम्लाचे स्फटिक करीत असता द्रावण तपकिरी पडे; त्यात कोळशाची पूड घालताच तो रंग नाहीसा होतो हे त्याने हेरले आणि पुढे पाण्याच्या व वोडकाच्या दुर्गंधीवरही तीच मात्रा चालवली. एकोणिसाव्या शतकातील साखर कारखानदारांनी हाडांच्या कोळशातून पाक गाळून आपला माल पांढरा केला. (आपल्याकडील निवळीच्या बीला या घराण्यात दत्तक घेण्याचा मोह मात्र आवरावा, ती गाळ तळाशी बसवते, पाण्यात विरघळलेल्या औषधाला पृष्ठभागावर धरून ठेवणे हे तिचे काम नव्हे.)

या कुळकथेतील खऱ्या नवलाचे प्रकरण 1944 चे आहे. सेल्मन वाक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसीन हाती लावले ते याच कोळशाच्या जिवावर: जंतू वाढवलेल्या द्रवात कोळसा ढवळायचा, औषध त्याच्या अंगावर चढू द्यायचे, कोळसा गाळून घ्यायचा आणि आम्लयुक्त अल्कोहोलने ते औषध पुन्हा उतरवून घ्यायचे. पाण्यातले प्रतिजैविक पकडणे ही कोळशाची जुनीच चाकरी. पूर्वी ते औषध जपून ठेवावयाचे होते, आता ते घालवावयाचे आहे, एवढाच काय तो फरक.

ही दुसरी चाकरी किती निकडीची आहे, ते हैदराबादनजीकच्या पाटणचेरूने दाखवले. तेथील सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत भरल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. ही गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही सहसा इतके औषध नसते.

तयार सक्रिय कोळसा महाग, म्हणून तूस आणि माती यांच्याकडे दृष्टी वळली. पण हे जिन्नस स्वस्त असले तरी त्यांचा स्वभाव चोखंदळ आहे. पाणी आम्लधर्मी असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनवर धनभार असतो आणि ऋणभाराची माती त्याला ओढून घेते. पाणी अल्कधर्मी झाले की तीच माती त्याला दूर लोटते. टेट्रासायक्लीन तर माँटमोरिलोनाइट मातीच्या थरांमध्येच शिरून बसते. प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात हे सारे सुरेख जुळते. कारखान्याच्या पाण्यात क्षार आणि इतर सेंद्रिय द्रव्ये त्याच जागेवर हक्क सांगतात, तेव्हा कागदावरची क्षमता बेलाशक उतरते.

आणि औषधाने भरलेल्या त्या तुसाचे पुढे काय, ही बाब अनेक निबंध शेवटच्या परिच्छेदावर ढकलतात. महागडा कोळसा भट्टीत तापवून पुन्हा कामाला लावणे परवडते; तुसाच्या बाबतीत तो खर्च नव्या तुसाहून जास्त भरतो, म्हणून ते फेकण्याचीच प्रवृत्ती होते. ते शेतात टाकले तर पावसाच्या पाण्याबरोबर काही औषध पुन्हा सुटण्याचा धोका राहतो, म्हणून भट्टीतच जाळावे लागते. आणि त्या जळणाचा खर्च स्वस्ताईच्या हिशेबात क्वचितच मांडलेला असतो.