ग्रोव्हलीचें रान

इंग्लंडच्या दक्षिणेस विल्टशायर परगण्यांत, वायली नदीच्या कांठीं, ग्रेट विशफर्ड नांवाचें एक खेडें आहे. नांवांत 'ग्रेट' असलें तरी गांव लहानसेंच. त्याच्या लगत टेकडीवर ग्रोव्हलीचें रान पसरलेलें आहे. एके काळीं तें राजाचें शिकारीचें अरण्य होतें. पुढें तें पेंब्रोकच्या उमराव घराण्याकडे आलें. परंतु जमिनीचा धनी कोणीहि असो, त्या रानांतील सरपण आणण्याचा हक्क गांवकऱ्यांचा, अशी पूर्वापार वहिवाट होती.

थंड मुलखांतील गरिबाच्या घरीं सरपणाचें मोल किती असे, हें निराळें सांगावयास नको. गांवच्या चर्चच्या भिंतींत वेळोवेळींचे पावाचे भाव कोरलेले दगड बसविले आहेत. इ. स. १८०० सालीं गॅलनभर पिठाच्या पावास ३ शिलिंग ४ पेन्स पडत, असें त्यांवरून दिसतें. ज्या मजुराच्या कमाईचा मोठा वांटा पावांतच जाई, त्यानें जळण विकत कोठून आणावें?

हे हक्क इ. स. १६०३ मध्यें लेखी नमूद झाले. त्यांत एक चमत्कारिक अट होती. गांवकऱ्यांनीं दरसाल सुमारें सहा मैलांवरील सॉल्झबरीच्या कॅथीड्रलापर्यंत नाचत जावें आणि "ग्रोव्हली, ग्रोव्हली, आणि सारें ग्रोव्हली!" असा पुकारा करून आपला हक्क सांगावा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सामाईक रानांना कुंपणें घालण्याची लाट इंग्लंडभर पसरली होती. त्या सुमारास शेजारच्या बार्फर्ड गांवची ग्रेस रीड नांवाची स्त्री कांहीं सोबतिणींसह मनाई मोडून रानांत शिरली. मोळी आणल्याबद्दल त्या बायकांना तुरुंगांत जावें लागलें. परंतु हक्क खरा ठरून त्या लवकरच सुटल्या, अशी हकीकत सांगतात.

पुढें इ. स. १८९२ मध्यें विशफर्डकरांनीं 'ओक ॲपल क्लब' स्थापन केला. 'एकी हेंच बळ' या अर्थाचें वचन त्यांनीं निशाणावर घातलें. तेव्हांपासून उत्सवाची व्यवस्था हा क्लब पाहतो.

उत्सवाचा दिवस २९ मे. इ. स. १६६० मध्यें याच तारखेस दुसरा चार्ल्स राजा लंडनांत परत आला होता. पहाटे अंधारांतच ढोल व डबे बडवून गांव जागें करतात. मंडळी रानांत जाऊन ओकच्या हिरव्या फांद्या आणतात, त्या घरोघर दारांशीं लावतात व एक फांदी चर्चच्या मनोऱ्यावर चढवितात. नंतर सॉल्झबरीस कॅथीड्रलासमोर चार स्त्रिया मोळ्या घेऊन नाचतात आणि आंत जाऊन सर्वजण तोच जुना पुकारा करतात. परतल्यावर गांवांत मिरवणूक व सहभोजन होतें.

आज तेथें घरोघर वीज आहे. मोळीवांचून कोणाची चूल अडत नाहीं. तरीहि गांव पहाटे उठून रानांत जातें. सनदेचा कागद पेटींत राहूं शकतो. वहिवाट मात्र पायांनीं चालूनच राखावी लागते. ज्या बायका मोळीसाठीं तुरुंगांत गेल्या, त्यांना हें पुरतें ठाऊक होतें.